आईच्या हाताच्या तोलाचं मशीन

माझ्या आईने बरसीम पेरलं की दोन रोपांच्या मधून एक मुंगी जाऊ शकत असे. समोरून दुसरी आली तर दोघींपैकी एकीला मागे सरावं लागे. हे मी पदरचं सांगत नाही. अकोट तालुक्यात आमच्या गावाच्या आसपास कोणालाही विचारा. माणसांवर विश्वास नसेल तर मुंग्यांना विचारा.

बरसीम हा दुभत्या जनावरांचा चारा. तीन-तीन पानांचा, दिसायला मेथीची मावसबहीण. दिवाळीनंतर एकदा पेरलं की उन्हाळा लागेस्तोवर कापत राहायचं, ते फुटत राहतं. बी मात्र एवढंसं की शिंक आली तर एक वाफा पेरून होतो. तिफणीने पेरलं तर खोल जातं आणि तिथेच कायमचा मुक्काम करतं. म्हणून ते हातानेच फेकावं लागतं, आणि सारखं फेकावं लागतं. दाट पडलं तर रोपं एकमेकांच्या उरावर बसतात, पातळ पडलं तर मधल्या जागेत गवत येऊन संसार मांडतं.

आई ओच्यात बी घ्यायची, त्यात तिप्पट चाळलेली माती कालवलेली. उजवं पाऊल पुढे पडलं की उजवी मूठ सुटायची. मनगटाला असा काही झटका द्यायची की बी हवेत हातपंख्यासारखं उघडायचं आणि खाली बसताना एकमेकांना जागा विचारून बसायचं. वारा असला तर ती थांबायची नाही, वारा थांबायचा. एकदा नाही थांबला. तिने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट पातूरकडे निघून गेला, आणि तिथल्या लोकांना दोन दिवस कपडे वाळत घालता आले नाहीत.

गावात ज्याला बारीक बी पेरायचं असे, बरसीम, मेथी, कांद्याचं रोप, काहीही, तो आदल्या दिवशी आमच्या दारात येऊन उभा राहायचा. "मावशी, उद्या येता का जरा?" आमच्याकडे याला हातगुण म्हणतात. आईला तो शब्द चालायचा नाही. "हातगुण-गिनगुण काई नाई," ती म्हणायची. "मनगट हाय. माह्यं हाय अन् मी वापरून राहिली." मोबदला म्हणून फक्त चहा घ्यायची, पण तो वावराच्या मालकाने स्वतः केलेला पाहिजे, मालकिणीने नाही, अशी तिची अट. त्यामुळे आमच्या गावातल्या एकूण एक पुरुषाला चहा येतो. काहींचा तर पिण्यासारखाही असतो.

तर या मनगटाच्या वर जो खांदा होता, तो गेल्या साली संपावर गेला. विजयादशमीला ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा उजवा हात वेणी घालायलाही वर जाईना. मी अमरावतीला सरकारी नोकरीत, राजापेठेत राहते. माझ्या वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग, खालच्या मजल्यावर शिकवणी वर्ग, मधे मी. तिला घेऊन आले आणि गल्लीतल्याच हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं.

"खांदा जाम झाला आहे. झटका देऊन काही फेकायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"मी का क्रिकेट खेयते का?"

"बी फेकते ती," मी म्हटलं. "बरसीमचं."

"तेच बंद. हात कमरेच्या वर झटकायचा नाही. सहा महिने."

आईने थोडा विचार केला. "अन् कमरेच्या खाली?"

डॉक्टरांनी आयुष्यात असा प्रश्न ऐकला नसावा. "कमरेच्या खाली काय वाटेल ते करा," ते म्हणाले आणि घाईने पुढच्या पेशंटला हाक मारली.

आम्ही गावात उतरण्याआधी ही बातमी गावात उतरली होती. आमच्या वावराला लागून ज्यांचं वावर आहे ते शेजारचे काका धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, वाटच पाहत उभे होते. काकांचं आणि आईचं तीस वर्षांचं वैर. इतकं जुनं की त्याचं कारण दोघांनाही आठवत नाही, फक्त वैर आठवतं. तरी दरसाल बरसीम पेरायला तिलाच बोलवायचे आणि धुऱ्यावर बसून चुका काढायचे.

"वयनी, रिटायर झाल्या म्हनते तुमी?"

"कोन म्हनते?"

"सारं गाव म्हनते. शाल आनू का सत्काराले?"

"आना. म्हशीच्या आंगावर टाकीन. थंडी येऊनच राहिली."

घरी आलो तर भावाने आधीच तोडगा काढून ठेवला होता. गोठा तोच पाहतो. चार म्हशी, आणि विहिरीजवळचा अर्धा एकर तुकडा त्यांच्या चाऱ्याला. मागे एकदा त्याने हौसेने एक कोपरा पेरून पाहिला होता. तिथे रोपं अशी उगवली होती जशी लग्नाच्या मांडवात माणसं जेवणाच्या टेबलाजवळ उगवतात. बाकी मांडव रिकामा.

"मशीन आनू," तो म्हणाला. "बी फेकाचं मशीन भेटते अकोल्याले. मी चालवतो. तू बस आता आरामात."

आई इतका वेळ काही बोलली नाही की गोठ्यातल्या म्हशींनी रवंथ थांबवला आणि दाराकडे पाहू लागल्या. मी तिची मुलगी आहे, मला कळलं. भावाला वाटत होतं प्रश्न चाऱ्याचा आहे. आईचा प्रश्न दुसरा होता. मशीन आलं की ते भाऊ चालवणार, आणि उद्या दारात जो माणूस येईल तो "मावशी आहेत का" विचारणार नाही. तो विचारेल, "मशीन आहे का?"

"आनू," ती शेवटी म्हणाली. "पन पसंत मी करीन. माह्या हाताच्या तोलाचं पायजे. नसन तं नाई आनाचं."

मी साहेबांना रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात "आईच्या उजव्या हाताची खरेदी" असं लिहिलं. साहेबांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली. मला वाटतं त्यांना भीती वाटली.

अकोल्याला निघताना आईने पिशवीत तीन वस्तू घेतल्या: किलोभर बरसीम, तिचा चष्मा आणि पलंगावरची पांढरी चादर. चादर कशाला, असं मी एसटीत विचारलं. "नवरदेव पाहाले गेलं तं पाट लागते," ती म्हणाली. "हे तसंच."

शेतीच्या अवजारांची गल्ली अकोल्यात आहे, तिथल्या एका मोठ्या दुकानात आम्ही शिरलो. दुकानदार गोलमटोल, गोड बोलणारा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "गॅरंटी" म्हणणारा.

"या मावशी. कुठून आल्या? पाणी घ्या. थंड आहे, गॅरंटी."

पहिलं मशीन त्याने दाखवलं ते ट्रॅक्टरच्या मागे लावायचं. भल्लं मोठं नरसाळं, खाली गरगर फिरणारी चकती.

"कुठवर फेकते हे?" आईने विचारलं.

"दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस हात, मावशी. गॅरंटी."

"माह्यं वावरच चाळीस हात रुंद. म्हंजे अर्धं बी शेजाऱ्याच्या वावरात. त्याले फुकट बरसीम देऊ? त्याच्यापेक्षा म्हशीच त्याच्या गोठ्यात बांधून येते ना!"

दुसरं मशीन दोन चाकांचं, दांड्याला धरून ढकलत न्यायचं. आई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "हे घेऊन वावरात गेली तं लोक म्हनतीन, म्हतारीले या वयात लेकरू झालं." ते बाद.

तिसरं बॅटरीवालं, पाठीवर दप्तरासारखं अडकवायचं. बटण दाबलं की आपोआप फेकतं. दुकानदाराने स्वतःच्या पाठीवर घेतलं. आईने पिशवीतून चादर काढली आणि थेट दुकानासमोरच्या रस्त्यावर अंथरली. चारी कोपऱ्यांवर दुकानातलेच चार विळे ठेवले. दोन्हीकडून येणारे ऑटो थांबले. एका ऑटोवाल्याने विचारलं, "काय होऊन राहिलं इथं?" मी म्हटलं, "परीक्षा." तो उतरून बघायला आला, मग त्याची सवारीही उतरली.

"आता पाहा मावशी," दुकानदार म्हणाला. "दाणा न् दाणा चादरीवर. गॅरंटी."

त्या मशीनचं खालचं भोक युरियासाठी उघडं ठेवलेलं होतं. युरियाचा दाणा कुठे आणि बरसीमचं बी कुठे! त्याने बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अर्धा किलो बरसीम अकोला शहरावर निघून गेलं. चादरीवर एक दाणा नाही. समोर कचोरीचं दुकान होतं. तिथल्या कढईत, चटणीत, गिऱ्हाइकांच्या मिशांत, सगळीकडे बरसीम. एक गृहस्थ कचोरी खाता खाता म्हणाले, "खसखस टाकली वाटते आज. चांगली लागून राहिली." कचोरीवाला भांडायला निघाला होता तो हे ऐकून परत वळला. तुम्हाला खोटं वाटेल, पण महिनाभराने मी त्या गल्लीतून गेले तेव्हा एका ऑटोच्या टपावर बोटभर हिरवं उगवलं होतं. मी ऑटोवाल्याला म्हटलं, काढून टाका की. तो म्हणाला, "राहू द्या ताई, गाडी थंडी राहते. फक्त बकऱ्या लय मागे लागतात."

दुकानदाराने भोक लहान करून पुन्हा फेकून दाखवलं. या वेळी बी चादरीवर पडलं. आई गुडघ्यांवर बसली, चष्मा लावला आणि नाक चादरीला टेकवून वीतभर-वीतभर तपासू लागली. भोवती पंचवीस-तीस माणसं. कोणी श्वास घेत नव्हतं, बी उडेल म्हणून.

"अठी पाच पडले," ती म्हणाली. "अन् अठी एकई नाई. हे पेरनं नाई, हे सांडनं होय."

"मावशी, एवढं बारीक कोण पाहतं?" दुकानदार कळवळला.

"म्हस पाह्यते."

चौथं, पाचवं, सहावं. एकाचा आवाज फार, एकाचा पट्टा रुतणारा, एकाचा रंग म्हशींना न आवडणारा. सहाव्या मशीनमध्ये तर मला काहीच खोट दिसेना. चादरीवर बी अगदी सारखं पडलं होतं. बघ्यांपैकी दोघांनी टाळ्याही वाजवल्या. आई चष्मा काढून बराच वेळ चादरीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "जमत नाई," आणि उठली. कारण सांगितलं नाही.

मी तिला समोर कचोरी खायला घेऊन गेले. तिथे विचारलं, "आई, ते शेवटचं चांगलं होतं की."

"हाव. चांगलं होतं."

"मग?"

तिने कचोरीतला एक बरसीमचा दाणा नखाने काढून बाजूला ठेवला. "बटन दाबाचं अन् चालाचं. तुह्या भावालेई येते ते. शेजारच्या भाऊजीलेई येते. चांगलं मशीन भेटलं तं मंग मी काय करू, सांग बरं? धुऱ्यावर बसून त्याईच्या चुका काढू?"

मी सरकारी नोकर. मशीन आलं की माणूस कुठे बसवतात ते आमच्या ऑफिसात मी पाहिलेलं आहे. दाराजवळच्या खुर्चीवर बसवतात आणि त्याला चहाचं विचारतात.

परत दुकानात चादर घ्यायला गेलो. दुकानदार आता "गॅरंटी" म्हणायचं विसरला होता. आई चादर झटकत असताना तिची नजर मागच्या भिंतीवर गेली. खिळ्याला एक खाकी कापडी झोळी लटकत होती, खाली पत्र्याची चकती, बाजूला एक छोटी मूठ.

"ते काय होय?"

"ते सोडा मावशी. जुनं मॉडेल आहे. गळ्यात अडकवायचं आणि हाताने मूठ फिरवायची. कोणी घेत नाही आता."

"काढा."

त्याने धूळ झटकून काढलं. आईने पट्टा गळ्यात घातला आणि मूठ एकदा फिरवली. चकती घुर्रर्र करून फिरली. तिने पुन्हा फिरवली. मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी विजयादशमीनंतर पहिल्यांदा पाहत होते.

"हे तं शेवयाच्या मशीनवानी हाय," ती म्हणाली. "दुखत नाई."

खांदा हलतच नव्हता. कोपर अंगाला चिकटलेलं, फिरत होतं फक्त मनगट. पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. तिने पट्टा ढिला केला, आणखी ढिला केला; मशीन छातीवरून पोटावर आलं, पोटावरून खाली आलं, गुडघ्यांवर आपटू लागलं.

"मावशी, छातीशी धरायचं असतं ते!"

"डॉक्टरनं कमरेच्या खाली सांगतलं."

"कोणत्या डॉक्टरने?"

"हाडाच्या."

दुकानदाराने हात जोडले. पण गंमत अशी की मशीन खाली आल्यामुळे बी लांब न जाता जवळच पडत होतं, अन् आमच्या तुकड्याला तेच पाहिजे होतं. चादरीची परीक्षा पुन्हा झाली. मूठ हळू फिरवली की बी पायाशी, जोरात फिरवली की दूर. आईने चार फेऱ्यांत ओळखलं की याचा वेग मनगटात आहे. पाचव्या फेरीला बी जागा विचारून बसलं. आई मात्र थांबेना. अर्धा तास ती रिकामंच फिरवत दुकानात येरझाऱ्या घालत होती. शेवटी दुकानदार म्हणाला, "मावशी, मला विकायचं आहे हो, झिजवायचं नाही."

सोबत एक पुस्तक मिळालं. ते कोणत्या भाषेत होतं कोण जाणे; चित्रातला माणूस गोरापान, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हिरव्यागार कुरणात हसत मूठ फिरवत होता. आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "याले म्हशी नाईत," ती म्हणाली आणि पुस्तक दुकानदाराला परत दिलं.

परतीच्या एसटीत मशीन तिच्या गळ्यातच होतं आणि ती अकोटपर्यंत मूठ फिरवत होती. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि उभाच राहिला.

"मावशी, तुमच्यामुळे गाडी चालून राहिली का?"

"मंग? तुमच्या डायवरच्या भरवशावर बसू?"

घरी भावाने मशीन हातात घ्यायला हात पुढे केला. आई पट्टा सोडेना. "तुले म्हशी हायत," ती म्हणाली. "चार-चार हायत. त्याईच्याकडे पाह्य."

पेरणीच्या दिवशीचा घोळ मात्र माझा, तो मी कबूल करते. बरसीमचं बी आधी मिठाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे त्यातलं तणाचं हलकं बी वर तरंगतं. मग चांगलं बी धुऊन, गुळाच्या पाण्यात जिवाणू खत कालवून ते बियांना चोळतात आणि सावलीत सुकवतात. गूळ कशाला, तर खत बियांना चिकटावं म्हणून. आईने गुळाचं काम मला दिलं. मी विचार केला, थोड्या गुळाने थोडं चिकटतं, तर भरपूर गुळाने किती चिकटेल! मी चांगला एकतारी पाक केला आणि खत त्यात कालवायच्या आधी वाटीभर बियांवर ओतून पाहिला. तासाभराने पाहिलं तर बरसीमचे लाडू झाले होते.

आईने एक उचलून दाताखाली धरून पाहिला. "वेलची राहिली," ती म्हणाली.

ते लाडू आम्ही कोपऱ्यात ठेवले आणि दुपारपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या आमच्या अंगणात आल्या. त्यांना रस्ता देण्यासाठी भावाला मोटरसायकल बाहेर लावावी लागली. मुंग्यांनी लाडू फोडून बी विहिरीमागच्या वारुळात नेलं. त्या वारुळावर त्या साली जे बरसीम आलं तसं सारखं बरसीम मी आईचं सोडून कोणाचंच पाहिलेलं नाही. असो. आईने पातळ गुळाचं पाणी स्वतः केलं, बी सुकवलं, माती चाळून कालवली, आणि उन्हं कलता कलता आम्ही वावरात उतरलो.

गावातली निम्मी माणसं पाहायला आली होती. मी आणि भाऊ दोर धरून दोन टोकांना. दोराच्या बाजूने आई चालणार, एक पट्टा झाला की आम्ही दोर सरकवणार. काका धुऱ्यावर बाज टाकून बसले होते. बाज त्यांनी घरून डोक्यावर आणली होती.

आई निघाली. पाऊल, मूठ, पाऊल, मूठ. चकती घुर्रर्र. पहिला पट्टा असा गेला की मला रडू यायला लागलं, पण दोर सुटला असता म्हणून नाही रडले. दुसऱ्या पट्ट्याला काकांनी तोंड उघडलं.

"वयनी, वाकडं जाऊन राहिलं ते!"

"तुमची मान वाकडी हाय, भाऊजी. सरळ करून पाहा."

"माह्या वावरात दाना आला तं?"

"उगवन. पयल्यांदा काई उगवन तुमच्या वावरात."

माणसं हसली. आईला अजून चेव आला. मग ती सगळ्यांशीच बोलू लागली: कोणाच्या सुनेबद्दल विचारपूस, कोणाच्या बैलाबद्दल, सरपंचांना नालीबद्दल चार शब्द. मी दूरच्या टोकाला होते, मला निम्मं ऐकू येत नव्हतं. एकदाच दिसलं की धुऱ्याजवळ ती थांबली आहे. काका बाजेवरून उठून काहीतरी सांगत होते आणि ती, ज्या बाईने आयुष्यात कोणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलेलं नाही ती, ऐकत होती. मग पुढे निघाली. काम झाल्यावर भावाने बोराटीची फांदी ओढून बी झाकलं, हलकं पाणी सोडलं, आणि मी अमरावतीला परतले.

सातव्या दिवशी रविवार होता. सकाळची गाडी पकडून गावात आले तर वावराजवळ पुन्हा गर्दी. बरसीम उगवलं होतं. आई धुऱ्यावर उभी, पदर तोंडाशी.

पहिला पट्टा सुरेख होता. पण दुसऱ्यापासून पुढे... मशीनची एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. आईला उजवा हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही. ती बोलायला लागली की हात मूठ सोडून कमरेखालीच नाचत होता, पाय मात्र चालतच होते. जिथे जिथे ती बोलली होती तिथे तिथे वावर टकलं होतं. आमच्या अर्ध्या एकरात त्या संध्याकाळचं सगळं संभाषण उगवलं होतं, किंवा उगवलं नव्हतं म्हणा. अन् गावाला ते लख्ख वाचता येत होतं.

"हे अठी माह्या बैलाचं इचारलं," एक जण बोट दाखवून म्हणाला.

"हा लांब पट्टा सरपंचाचा. नाली."

"अन् हे सारं काकाचं. वाकडी मान, अठपासून तठवर."

माणसं हसत होती आणि आईने पदर तोंडावर ओढून घेतला होता. तिचं नाव सारख्या पेरणीचं होतं. तीस-चाळीस वर्षांत तिच्या हातून एवढी उघडी जमीन कधी राहिली नव्हती. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "मी म्हनलं होतं, मले चालवू द्या." मी त्याच्या पायावर पाय दिला.

अख्ख्या वावरात दाट ठिगळ एकच होतं, धुऱ्याला लागून. तिथे ती काकांचं ऐकत उभी राहिली होती आणि हात आपोआप मूठ फिरवत होता. हिरवंगार, हात घातला तर बोट जमिनीला लागणार नाही एवढं दाट. काका तिथेच येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे शाल काढतात.

"अठी मी तुमाले इचारलं होतं, वयनी," काका म्हणाले. "तुमी उत्तर देल्लं नाई. तशाच गेल्या पुढं."

"काय विचारलं होतं?" मी म्हटलं.

"माह्यं बरसीम कवा पेरता म्हून. येळ होऊन राहिली. माह्यं वावर तयार हाय."

भाऊ पुढे सरकला. "काका, मी येतो ना! मशीन मलेई समजलं आता. बोलाचं नाई, बस्स. एकदम सारखं पेरून देतो."

"तू म्हशी पाह्य बे," काका म्हणाले. "मी मशीन मांगून राहिलो का? मले वयनी पायजे. तुह्या हातचं सारखं घेऊन मी काय करू?" मग आईकडे न पाहता, त्या दाट ठिगळाकडे पाहत म्हणाले, "थोडं टकलं राहिलं तं राहिलं. लोकाईनं पायलं पायजे का कोनाच्या हातचं हाय ते."

आईने पदर तोंडावरून काढला. बराच वेळ ती काकांचं वावर न्याहाळत राहिली, जणू आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

"ढेकलं फोडा आधी," ती म्हणाली. "एवढाल्या ढेकलात मी मशीन घेऊन उतरत नसते. अन् धुऱ्यावर तुमी नाई बसाचं. तुमी बसले का माह्यं तोंड सुरू होते."

"मंग मी कुठी बसू?"

"माह्यासंगं चाला. कानात सांगा काय सांगाचं ते. मी आयकत चालते."

"आयकत चालान तं दाट होईन ना वयनी!"

"होऊ द्या. तुमच्या म्हशी लय वायल्या हायत, हाडं दिसून राहिली, भाऊजी."

काका ढेकळं फोडायला गेले. मी सोमवारची रजा टाकली, या वेळी कारणाचा रकाना कोराच ठेवला. आई गोठ्यात जाऊन मशीनची चकती तेलाच्या बोळ्याने पुसत बसली, आणि भावाने पट्टा जरा वर बांधून देऊ का म्हणून विचारलं तर त्याच्या हातावर चापट मारून म्हणाली, "राहू दे खालीच. हात लावू नोको."